पांढरी आणि कुंपण

गांव म्हणजे काय, या प्रश्नास आपले जुने कागद दोन शब्दांत उत्तर देतात : काळी आणि पांढरी. नांगराखालची जमीन ती काळी, घरांखालची ती पांढरी. परंतु पांढरी या शब्दांत नुसती जागा येत नसे. त्या जागेवर नांदणारा समुदायही त्यांत येई. तंट्याचा निवाडा होऊन महजर लिहिला गेला म्हणजे तो समस्त पांढरीच्या साक्षीनें लिहिला जाई. आज बोईसर-तारापूरच्या आसपास भातखाचरें बुजवून ज्या वसाहती उठल्या आहेत, त्यांना या अर्थानें पांढरी म्हणतां येईल काय? हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाहीं. आमच्याच गृहसंस्थेच्या सूचनाफलकावरून सुचला. तो प्रसंग पुढें येईलच. तत्पूर्वीं थोडा मागील वृत्तांत पाहिला पाहिजे.

आमच्या या किनाऱ्याचा जुना वृत्तांत महिकावतीच्या बखरींत आहे. महिकावती म्हणजे पालघरजवळचें केळवें-माहीम. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ही बखर १९२४ सालीं प्रसिद्ध केली. तिचा कांहीं भाग केशवाचार्यानें शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास रचलेला आहे. बिंब राजानें बाहेरून कुळें आणून हा प्रांत वसविला, असें बखर सांगते, आणि त्या कुळांचीं गोत्रें, वृत्ति व मानपान मोठ्या आस्थेनें नोंदविते. एका अर्थानें ही सभासदांची यादीच होय. कोणाचा हक्क कोणता, कोणाच्या शेजारीं कोणी बसावें, हें ठरल्यावांचून वसाहत उभी राहत नाहीं, हें त्या लोकांना पक्कें ठाऊक होतें. परंतु या कुळांच्या आधीं येथें कोण होतें? राजवाड्यांनीं आपल्या विस्तृत प्रस्तावनेंत कातकरी, वारली, कोळी या जुन्या रहिवाशांचा विचार केला आहे. बखरीच्या कुळयादींत मात्र त्यांना तसा मान नाहीं. यादी करणारा नेहमीं आपल्यापासून आरंभ करतो.

देशावरील गांवांत या यादीची रचना अधिक रेखीव होती. वतनदार मिरासदार हा गांवचा पक्का रहिवासी; बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपऱ्याला सारा थोडा हलका पडे, पण गांवकींत त्याचा शब्दही हलकाच असे. तथापि महजरावरील निशाण्या पाहिल्या म्हणजे मन थबकतें. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा वस्तरा, अशा आपापल्या धंद्याच्या खुणा करून निरक्षर मंडळीही साक्ष घालीत. शिवेचा वाद पडला तर महाराची साक्ष विशेष वजनाची मानली जाई. कारण शीव राखणें हें त्याचें काम. ज्याचें घर पांढरीच्या बाहेर, त्याच्याच शब्दावर पांढरीची सीमा ठरे.

या चित्रानें भुलून जाणें मात्र इतिहासकारास शोभणार नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत हिंदी खेड्याचें गुणगान केलें आणि आपल्याकडील अनेकांनीं तें उचललें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं या गुणगानाचा कठोर समाचार घेतला आणि घटनेचें मूळ परिमाण खेडें नसून व्यक्ति आहे, यांत समाधान मानलें. त्यांचें म्हणणें अनुभवाचें होतें. शिवेवर साक्ष देणाऱ्या माणसास त्याच गांवच्या विहिरीवर पाणी भरतां येत नव्हतें. जुनी पांढरी साक्षीपुरती सर्वांची होती, पाण्यापुरती नव्हती.

उत्तर कोंकणांत तर वस्तीची तऱ्हाच निराळी. येथील गांव एकवट नसतें. तें पाड्यापाड्यांनीं विखुरलेलें असतें. एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्याकडे, शेताकडे, ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटा याच गांवाच्या शिरा. किनाऱ्यावर सातपाटी, दांडी यांसारख्या गांवांत मासेमारांची वस्ती. त्यांचें शेत समुद्र, आणि तेथें कुंपण घालण्याची सोय नाहीं. तरीही खुंट रोवून डोल जाळें लावण्याच्या जागा, ज्यांना ते कव म्हणतात, त्या कोणीं कोठें धराव्यात याविषयीं संकेत असतात, आणि ते मोडले म्हणजे गांवागांवांत मोठे तंटे होतात. कागद नसला तरी नियम असतो, एवढें यावरून ध्यानांत घ्यावें.

पुढें इंग्रजी अमलांत रयतवारीनें सरकारचा संबंध एकेका खातेदाराशीं जोडला, आणि १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंहितेनंतर निवाड्याचें काम हळूहळू कचेरीकडे गेलें. पांढरी हा शब्द उरला. तिचा अधिकार उरला नाहीं. गंमत अशी कीं, त्रिंबक नारायण आत्रे यांनीं मोडकळीस आलेल्या ग्रामव्यवस्थेचें परखड वर्णन करणारा 'गांव-गाडा' ज्या १९१५ सालीं प्रसिद्ध केला, त्याच सालीं मुंबईस गांवदेवी भागांत रावबहादुर तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. सहकाराचा १९०४ चा कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर संस्थांना वाट मोकळी केली, आणि तीन वर्षांत हें फळ आलें. १९२५ सालीं मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकारी कायदा झाला. १९६० सालीं महाराष्ट्राचा झाला. जुनी पांढरी जेथें मोडत होती, तेथून दूर शहरांत नवी पांढरी जन्मास येत होती.

या नव्या पांढरीचे गुण उघड आहेत. येथें वतन नाहीं, मानपान नाहीं; एक सभासद, एक मत. सर्वसाधारण सभेची सूचना चौदा दिवस आधीं मिळाली पाहिजे; वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वीं झाली पाहिजे; हिशेब सभासदास पाहावयास मिळाले पाहिजेत. पाटलाच्या ओसरीवर कोणी पाटलाकडे हिशेब मागितल्याचें क्वचितच ऐकूं येईल. आमच्या संस्थेंत टाकीच्या पाण्याचा खर्च दहा रुपयांनीं वाढला तरी चिटणिसास तासभर उभें राहावें लागतें, आणि मोबाईलवरील आमच्या गटांत ती चर्चा रात्रीं बारापर्यंत चालते. हें मी थट्टेनें म्हणत नाहीं. सामान्य गृहस्थास कारभाराचें शिक्षण देणारी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाहीं. मात्र या शाळेंतही कोणास प्रवेश द्यावा, हा प्रश्न सुटलेला नाहीं. आरंभींच्या अनेक गृहसंस्था एकेका ज्ञातीपुरत्या होत्या. आणि गुजराथेंतील एका पारशी संस्थेनें सभासदत्व आपल्या समाजापुरतें ठेवावें कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००५ सालीं संस्थेच्या बाजूनें निकाल लागला. कुळांची यादी अद्याप आपला पाठलाग करीत आहे.

ही शहरी संस्था आमच्या भागांत आली ती कारखान्यांच्या मागोमाग. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पुढें बोईसरजवळ तारापूर औद्योगिक क्षेत्र उभें राहिलें. १९६९ सालीं तारापूरच्या अणुविद्युत्केंद्रानें वीज देण्यास आरंभ केला. पुढें त्याच केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांसाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठवावीं लागलीं आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयांत गेला. एकीकडे गांवें उठत होतीं, दुसरीकडे वसाहती वसत होत्या. २०११ च्या जनगणनेनें बोईसरला शहर मानलें, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच होता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. त्याच वर्षीं राज्यानें १९९६ च्या पेसा कायद्याचे नियम केले. अनुसूचित क्षेत्रांतील गांवांत एखाद्या पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागण्याची सोय त्या नियमांत आहे. म्हणजे आज येथें एकाच मातीवर दोन सभा नांदतात : एक पाड्याची, दुसरी गृहसंस्थेची. दोघींना कायद्याचा आधार आहे. दोघींची एकमेकींशीं ओळख नाहीं.

आतां तो प्रसंग. आमची संस्था लहान बंगल्यांची, गांवाच्या कडेला. गेल्या वर्षीं दोन घरांत चोऱ्या झाल्या आणि कार्यकारिणीनें फलक लावला : 'संस्थेच्या आवारांतून बाहेरील व्यक्तींस येण्या-जाण्यास मनाई आहे.' मागील फाटकास कुलूप पडलें. ठरावावर माझीही सही होती. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पलीकडच्या पाड्यावरील एक वृद्ध बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन फाटकापाशीं उभी होती. मला पाहून ती म्हणाली, "मास्तर, आतां भारा घेऊन कुठून जायचं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतें. हमरस्त्यानें वळसा घ्यावयाचा तर तिला पाऊण तास अधिक चालावें लागणार, तेंही मालमोटारींच्या रहदारींतून.

माझ्या धंद्याची खोड अशी कीं लाज वाटली म्हणजे मी कागद शोधूं लागतों. भूमि-अभिलेख कार्यालयांतून जुन्या गांवनकाशाची नक्कल काढली. त्यावर आमची संस्था नाहीं. पण पाड्याकडून येऊन, जेथें आज आमची बाग आहे तेथून, शेतांकडे जाणारी एक ठिपक्यांची रेघ आहे. ठिपक्यांची रेघ म्हणजे पायवाट. शेताच्या वाटेंत अडथळा आला तर तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्यानें महसुली अधिकाऱ्यास दिलेला आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंतही वाटेची तरतूद आहे. परंतु कायद्याहून मला एक शब्द अधिक बोलका वाटला : वहिवाट. दीर्घकाळ चालत आलेल्या उपभोगास आपली भाषा वहिवाट म्हणते, आणि त्या शब्दाच्या पोटांत वाट आहेच. त्या बाईचें नांव आमच्या भागपत्रावर नसेल. तिच्या पावलांची नोंद सरकारच्या नकाशावर होती.

सप्टेंबरांत वार्षिक सभा भरली. मी नकाशा पुढें ठेवला. खजिनदारांचा आक्षेप रास्त होता : पुन्हा चोरी झाली तर भरपाई कोण देणार? कोणी म्हणालें, सभासद नसलेल्यांच्या सोयीसाठीं सभासदांनीं वर्गणी कां भरावी? बाई दाराबाहेर उभी होती. सभासद नसल्यामुळें तिला बोलतां येत नव्हतें, आणि बोलावूं या असें सुचविण्याचें धैर्य मलाही झालें नाहीं. याची खंत आहे. शेवटीं थोड्या मताधिक्यानें ठरलें : फाटक सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत उघडें राहील, रात्रीं पहारेकरी राहील, आणि पुढील ठरावापूर्वीं पाड्याच्या मंडळींशीं बोलणें होईल.

ही व्यवस्था पुरेशी आहे असें मी म्हणत नाहीं. ठरावानें उघडलेलें फाटक ठरावानें पुन्हा बंद होऊं शकतें. जुन्या गांवकीनें शिवेवरच्या माणसाची साक्ष घेतली, पण त्यास पाणी दिलें नाहीं. आम्ही सभासदांस समान मत दिलें, पण शिवेवरच्या माणसाची साक्ष घेणेंच विसरलों. दोहोंतील चांगलें तेवढें घ्यावयाचें तर नियम करणाऱ्यांनीं आधीं एवढें विचारावें कीं, हा नियम ज्याला लागेल तो या खोलींत आहे काय. 'बाहेरील व्यक्ति' हे शब्द फलकावरून काढून त्या जागीं 'शेजारी' असें लिहावें, अशी माझी दुसरी सूचना होती. वेळ संपल्यामुळें ती पुढील वर्षाच्या सभेवर ठेवण्यांत आली आहे. तोंवर फलकावर जुनेच शब्द आहेत, आणि फाटक दिवसा उघडें आहे.