गहाण जमीन आणि तडजोडीचा हुकूमनामा

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. 'राजीखुशीने लिहून दिले' या शब्दांत राजी कोण आणि खुशी कोणाची, हे आधी पाहण्याची आम्हांला सवय लागली आहे. गहाणाच्या दाव्यांत तर ते पाहिलेच पाहिजे.

१८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत आला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे न्यायाधीशाने व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासायचा. कुळाने रक्कम कबूल केली, तरी ती कबुली खरी आणि स्वतःचे हक्क ओळखून दिलेली आहे, हे कारणांसह लिहून ठेवल्यावाचून तपासणीतून सुटका नसे. केवढी शहाणी तरतूद! हिंगोली मात्र निजामाच्या राज्यात. तिला याचा उपयोग नव्हता. भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता इकडे लागू झाली ती १ एप्रिल १९५१ ला.

१९७६ च्या दुरुस्तीने तडजोड लेखी व सहीची हवी असे ठरवले. फसवणुकीची किंवा दडपणाची तडजोड कायदेशीर नव्हे, असेही म्हटले. मात्र हुकूमनामा रद्द करण्यासाठी निराळा दावा बंद केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तडजोड नोंदवणाऱ्या न्यायालयाकडेच अर्ज करता येतो. अपिलातही हा मुद्दा घेता येतो.

फरक एवढाच, की १८७९ साली विचारण्याचे ओझे न्यायाधीशावर होते. आज ते कुळावर आहे. कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या शेतकऱ्याने म्हणून निराळ्या दाव्यात वर्षे घालवू नयेत. आधी हुकूमनाम्याची आणि सही केलेल्या तडजोडीची नक्कल काढावी.