टायरची मडकी

फिनिशियन लोक म्हटले की शाळेच्या पुस्तकातली दोन-चार वाक्यं आठवतात. जहाजं, जांभळा रंग आणि २२ अक्षरांची लिपी. लहानपणी मी पाटीवर ‘अलिफ, बे’ गिरवायचो, त्या अक्षरांचं मूळ या लोकांच्या लिपीत आहे, हे फार उशिरा कळलं. त्यांचा ‘अलेफ’ म्हणजे बैल आणि ‘बेत’ म्हणजे घर. गंमत अशी, की ज्यांची अक्षरं जगभर गेली, त्यांची स्वतःची पुस्तकं उरली नाहीत. ते पपायरसवर लिहीत. तो दमट हवेत कुजला. उरली ती मडकी.

लेबननमधलं टायर तेव्हा बेट होतं आणि त्याचं स्मशान समोरच्या किनाऱ्यावर, आजच्या अल-बास भागात. १९९७पासून मारिया युजेनिया औबेत या स्पॅनिश विदुषींनी तिथं उत्खनन केलं. दफनं मुख्यतः इसवी सनापूर्वी नवव्या ते सातव्या शतकातली. दहन करून अस्थी मडक्यात पुरलेल्या. पुष्कळदा एका माणसाची दोन मडकी, एकात राख, दुसऱ्यात वेचलेली हाडं. सोबत दोन सुरया, एकीचा काठ भूछत्रासारखा, दुसरीचं तोंड तीन पाकळ्यांचं, आणि पिण्याचा एक पेला. कुठं भुंग्याच्या आकाराचा ताईत. विधी उरकल्यावर थाळ्या तिथंच फोडलेल्या.

आमच्यात मय्यताबरोबर कफनाखेरीज काही जात नाही. म्हणून असेल, मला त्या पेल्याचं फार वाटतं. सोनं-नाणं नव्हे, साधा मातीचा पेला. राजा अहिरामाची कोरीव दगडी शवपेटी बैरुतच्या संग्रहालयात आहे, थडगं उघडणाऱ्याला शाप देणाऱ्या लेखासकट. तिच्यापुढं या पेल्याला कोण विचारतो?

पण अल-बासचा पत्ता लागला तोच चोरांमुळं. यादवी युद्ध संपत आलं होतं. १९९०च्या सुमारास इथल्या कोरीव शिळा आणि अस्थिकुंभ जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसू लागले. काही शिळांवर मृताचं नाव होतं. उपटलेली शिळा कुठल्या मडक्यावरची होती, हे आता कुणाला सांगता येत नाही. औबेतबाईंना जागच्या जागी सापडलेल्या शिळा थोड्याच. बाकीच्या मडक्यांना आज उत्खननाचा क्रमांक आहे.