न चिकटलेला शब्द

4 जून 1945 रोजीं चर्चिलसाहेबांनीं नभोवाणीवरून ब्रिटिश मतदारांस बजावलें कीं, समाजवादी राज्यास कसल्या तरी गेस्टापोवांचून चालावयाचें नाहीं. पत्नीनें तो शब्द गाळावयास सुचविलें होतें म्हणतात, ऐकतो कोण! पण ज्यांचा बाऊ दाखवावयाचा ते ॲटली पांच वर्षें त्यांच्याच मंत्रिमंडळांत बसलेले. शब्द चिकटावा कसा? युद्धनेता चर्चिल व पक्षनेता चर्चिल यांतील अंतर दाखविल्याबद्दल ॲटलींनीं दुसऱ्याच दिवशीं आभार मानले. तेवढ्यानेंच निवडणूक फिरली असें आम्ही म्हणत नाहीं. घरें, रोजगार व 1942 चा बेव्हरिज-अहवाल लोकांच्या मनांत घोळतच होता. मतदान 5 जुलैला झालें. दूरदेशींच्या शिपायांचीं मतें यावयाचीं म्हणून निकाल 26 जुलैला लागला. 640 पैकीं 393 जागा मजूर पक्षाच्या.