पुतळ्यांची माळ

पुतळीला पुतळी का म्हणायचं, हे आमच्या गावात कुणी विचारत नसे. सोन्याची चकती, तिच्यावर माणसाचं चित्र, म्हणून पुतळी, झालं! पण ही मूळची आपल्या मुलखातली नव्हे. इटलीतल्या व्हेनिसचं ते नाणं, डुकाट. 1284 साली ते पहिल्यांदा पाडलं गेलं. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी. पुढं पाचशे वर्षं त्यात फारसा फरक पडला नाही. मिरी-मसाल्याच्या, कापडाच्या बदल्यात ते आपल्या किनाऱ्याला लागलं. एका अंगाला उभा संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, मधी काठी. दुसऱ्या अंगाला चांदण्यांच्या घेरात येशू. 1797 साली नेपोलियननं ते राज्य बुडवलं. पुतळी मात्र राहिली. आपल्या सोनारांनी स्वतःचे ठसे केले, त्यावर लक्ष्मी आली, राम-सीता आली.

माळेची घडण साधी. प्रत्येक पुतळीला वर बारीक कडी, आणि पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्यायची. दिसायला बोरमाळ नाजूक, साज भारदस्त; पण बायकांचा जीव पुतळ्यांवर, त्याचं कारण नुसतं दिसणं नव्हतं. बोरमाळेचा मणी पोकळ, आत लाख. मोडायला नेला की सोनाराच्या तराजूत हसू व्हायचं. पुतळी भरीव. शिवाय एक काढली तरी बाकीची माळ मोडत नाही. पुन्हा गाठवली की गळ्यात.

आमच्या आज्जीची एकवीस पुतळ्यांची होती म्हणत. विहिरीला काही गेल्या, थोरल्या आत्तीच्या लग्नाला काही. बहात्तरच्या दुष्काळात दोन कडब्याला गेल्या. "बैल जगलं तर पुतळी परत येईल, पुतळी काय नांगर वडती व्हय?" असं ती म्हणायची. परत एकही आली नाही. दर खेपेला माळ आखूड व्हायची, मग मधी लाल पोवळी ओवून ती पुन्हा गळ्याला पुरवायची. लांबून बघणाऱ्याला ती नक्षीच वाटे.

शेवटी सात उरल्या. त्यांतली एक घासून गुळगुळीत झालेली. उजेडात तिरकी धरली की गुडघे टेकलेला माणूस पुसटसा दिसायचा. वाटणीत ती कुणालाच नको होती, झीज जास्त म्हणून. ती धाकट्या आत्तीनं घेतली, काळ्या दोऱ्यात ओवून.