स्वस्त बॅटरी घ्यावी का? थोडा इतिहास

परवा रात्री बाराला लाईट आली. मोटर चालू करायला निघालो अन् दीडशे रुपयांची बॅटरी बांधावरच विझली. पायाखाली साप हाय का काठी, दिसंना. जागीच उभा राहिलो.

हातातल्या बॅटरीचं पेटंट १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना मिळालं. कागदी नळीत सेल घातलेले. पण सेल इतके कमजोर की क्षणभर लावून बंद करावी लागे. म्हणूनच इंग्रजीत नाव पडलं ‘फ्लॅशलाईट’.

पुढं आपल्याकडं पत्र्याची बॅटरी आली. सेल उतरले की आपण उन्हात ठेवायचो. नंतर जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी बनवला, २०१४ ला त्यांना नोबेल मिळालं. त्यातूनच पांढरा एलईडी आला. थोड्या करंटवर भरपूर उजेड, म्हणून बॅटरी स्वस्त झाली.

म्हणजे दिवा सुधारला, पण घोडं अजून सेलपाशीच अडतंय. माझी खोलून बघितली, दिवा चांगला, सेल फुगलेला. स्वस्त मालात काटकसर तिथंच होते.

माझं मत: घरात, गोठ्यात स्वस्त बॅटरी खुशाल वापरा. रात्री पाण्याला जाताना मात्र सेल बदलता येणारी घ्या, अन् स्वस्तातली दुसरी खिशात ठेवा.