न वाकता मोडणारी तुळई

वैतरणा स्थानक मागे टाकून गाडी सफाळ्याकडे निघाली की चाकांचा आवाज एकदम बदलतो. खाली नदी असते. खिडकीशी बसलेल्या आजीबाई हात जोडतात, पोरे माना उंचावतात. पूल आपला भार पेलील की नाही, ही शंका मात्र कुणाच्याही मनाला शिवत नाही. वाचकहो, हा निर्धास्तपणा माणसाला फुकट मिळालेला नाही. त्याचीच ही हकीकत.

दिवाळीच्या फराळाचे डबे एका फळीवर फार झाले की फळी मधोमध झोल खाते. गृहिणी ते पाहते आणि दोन डबे उतरवते. काँक्रीटची तुळई, म्हणजे गवंड्याचा बीम, वाकून मोडते तेव्हा अशीच आगाऊ सूचना देते. तळच्या सळया ताणतात, उभ्या चिरा दिसू लागतात, माणसांना पळायला सवड मिळते. पण दुसरे एक मरण आहे. आधाराजवळ तिरकी चीर उमटते आणि पाहता पाहता तुळई दुभंगते. शास्त्रात याला कर्तन म्हणतात. सळयांभोवती गवंडी ज्या रिंगा बांधतो, त्या ही चीर अडवण्यासाठी. १८९९ साली झुरिकच्या रिटरने आणि त्याच्या मागोमाग मोर्शने या रिंगांचे गणित छपराच्या कैचीची उपमा घेऊन मांडले.

गणित बसले, पण भ्रम उरला. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेत ओहायोतील शेल्बी येथे हवाई दलाच्या गोदामाचे छप्पर कोसळले. त्यावर स्वतःच्या वजनाखेरीज फारसा भार नव्हता. तुळया सुमारे ९१ सेंटिमीटर खोल होत्या आणि मोडल्या तिथे रिंगा नव्हत्या. मग प्रयोगशाळेत एकतृतीयांश आकाराच्या तुळया घडवून पाहिल्या, तर त्या कितीतरी अधिक ताण सोसून उभ्या! धाकटी उत्तीर्ण आणि थोरली नापास, असा हा प्रकार.

त्यानंतर १९६७ साल उजाडले. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्चच्या एकाच अंकात दोन निबंध आले. टोरांटोच्या कानी यांनी विचारले, आपल्या मोठ्या तुळया कितपत सुरक्षित आहेत? रिंगा नसलेली तुळई जितकी खोल, तितकी तिची प्रत्येक चौरस इंचामागची ताकद कमी, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. दुसऱ्या निबंधात कॅलिफोर्नियाच्या न्गो आणि स्कॉर्डेलिस यांनी तुळईचे लहान लहान तुकडे कल्पून, चिरांसकट तिचे गणित संगणकाकडून सोडवून घेतले. एकाने प्रश्न विचारला, दुसऱ्यांनी हत्यार दिले.

त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण जिथे त्याचा मागचा उतार बदलतो, तिथे दोन्ही अंगांना चिरा गेल्या. धरण म्हणजे काही तुळई नव्हे, आणि या चिरा कर्तनाच्या नसून ताणाच्या होत्या. तरीही प्रश्न तोच होता: एवढे अवाढव्य काँक्रीट नेमके कुठे फाटणार? १९७३ मध्ये चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी संगणकावर हिशेब मांडला. काँक्रीटच्या सोसण्यापलीकडचा ताण नेमका त्या मानेपाशीच येतो, असे त्यांना आढळले. पुढे धरणाला मागून भक्कम टेकू दिले गेले. तेव्हापासून काँक्रीटच्या चिरांचे गणित करणारी जगभरची मंडळी आपली रीत कोयनेवर घासून पाहतात. सोनाराला कसोटीचा दगड, तशी त्यांना आपली कोयना!

म्हणून सारे उलगडले असे समजू नये. २०१५ साली टोरांटोत चार मीटर खोलीचा काँक्रीटचा पट्टा मोडून पाहिला. आधी तज्ज्ञांकडून अंदाज मागवले होते, ते एकमेकांपासून फार दूर पडले. संगणक हा हुशार पण आज्ञाधारक कारकून आहे. आपण सांगू तेवढेच तो जाणतो. खरी चीर कशी धावते, हे त्याला शिकवायला आधी कुणीतरी ती डोळ्यांनी पाहावी लागते.

याच वैतरणेवर, वरच्या अंगाला, १९५७ चे मोडकसागर आणि सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे आहे. मुंबईच्या कितीतरी घरांतले अभ्यंगस्नानाचे पाणी तिथलेच. तेव्हा पुढच्या खेपेस पुलावर आजीबाईंनी हात जोडले, तर आपणही जोडावेत. एक नमस्कार नदीला आणि दुसरा मोडलेल्या तुळयांना. आपल्या पायाखालची तुळई शाबूत आहे, ती त्यांच्या मोडण्याने शिकवलेल्या धड्यामुळे.