साथीच्या कक्षात यंत्रमानव : इबोला ते कोरोना

२० जानेवारी २०२०. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एव्हरेट शहरात वुहानहून परतलेला पस्तिशीतला एक रुग्ण विलगीकरण कक्षात दाखल झाला. निदान झालेला तो अमेरिकेतील पहिला कोरोनारुग्ण. त्याच्या खाटेपाशी पडदा, कॅमेरा आणि स्टेथोस्कोप जोडलेला चाकांचा यंत्रमानव उभा करण्यात आला. डॉ. जॉर्ज डायझ बाहेर बसून त्याच्यामार्फत रुग्णाशी बोलत. जगभर त्या यंत्राचे कौतुक झाले. ते यंत्र खाटेभोवती फिरवण्यासाठी परिचारिका आतच होती, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

या दृश्यामागचा इतिहास पश्चिम आफ्रिकेत सुरू होतो.

डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या एका खेड्यात उगम पावलेली इबोलाची साथ लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये पसरली. २८ हजारांहून अधिक बाधित, ११ हजारांहून अधिक मृत्यू. दगावलेल्यांत सुमारे ५०० आरोग्यसेवक होते. त्या उकाड्यात नखशिखान्त संरक्षक पोशाख तासभरही सहन होत नसे, आणि थकल्या हातांनी तो उतरवतानाच संसर्गाचा धोका सर्वाधिक. सेवकाला आत जावेच लागू नये, असे काही करता येईल का?

७ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेत याच प्रश्नावर शास्त्रज्ञ, अभियंते आणि आरोग्यसेवक एकत्र आले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या रॉबिन मर्फी या उपक्रमात अग्रणी होत्या. निर्जंतुकीकरण, कचरा वाहणे, औषधे पोहोचवणे, दुभाष्याची सोय अशी कामे पुढे आली. पण उपचारकेंद्रे म्हणजे तंबू, पायाखाली खडी, विजेचा भरवसा नाही. गुळगुळीत फरशीवर धावणारे यंत्र तिथे चालणार कसे?

शवांचा प्रश्न त्याहून बिकट होता. इबोलाने मेलेल्याचा देह अत्यंत संसर्गजन्य. तो यंत्राने उचलावा हे तर्काला धरून होते. परंतु आप्तांना अंत्यविधीपासून दूर ठेवले की लोक मृतदेह लपवत आणि साथ आणखी फैलावे. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नियमावली काढली. तिच्यात कुटुंबीय आणि धर्मगुरूंना स्थान होते. साथ आटोक्यात येण्यात अशा उपायांचा वाटा मोठा. यंत्रांच्या योजना बहुतांशी कागदावर राहिल्या, आणि साथ ओसरताच त्यांच्यासाठीचा निधीही ओसरला.

मग २०२० मध्ये इतकी यंत्रे आली कुठून? उत्तर साधे आहे : ती आधीच कामावर होती. एव्हरेटमधल्यासारखी यंत्रे पक्षाघाताच्या रुग्णांना दूरवरच्या तज्ज्ञाचा सल्ला मिळवून देण्यासाठी रुग्णालयांत पूर्वीपासून वापरात होती. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे अतिनील किरणांनी खोल्या निर्जंतुक करणारा यंत्रमानव रुग्णालयांतल्या रोजच्या संसर्गासाठी घडवला गेला. कोरोनाकाळात तो वुहानला रवाना झाला. रोजच्या वापरात तावून सुलाखून निघालेले यंत्रच संकटात उपयोगी पडते, हे त्या वर्षी वारंवार दिसले.

महाराष्ट्रातही प्रयोग झाले. जून २०२० मध्ये पुणे रेल्वे स्थानकावर प्रवाशांचे तापमान मोजणारा ‘कॅप्टन अर्जुन’ अवतरला आणि वृत्तपत्रांत छायाचित्रांसह झळकला. मुंबईत वरळीच्या पोदार रुग्णालयात यंत्र रुग्णांपर्यंत जेवण, पाणी आणि औषधे पोहोचवू लागले. दोहोंत पोदारचे साधे काम अधिक मोलाचे. कारण लक्षणे नसलेला बाधित तापमापकाला सापडतच नसे, आणि वाचलेली प्रत्येक फेरी मात्र कर्मचाऱ्याचा धोका खरोखर घटवी.

आणि अतिनील किरण? ते सावलीत पोहोचत नाहीत, धुळीच्या थराखालचा विषाणूही त्यांना गाठता येत नाही. म्हणून ते यंत्र आत सोडण्यापूर्वी खोली पुसून घ्यावी लागते, आणि ती पुसायला आधी सफाई कामगारच आत जातो.